मथुराबाई दिवेआगरला गेल्या

वारज्याच्या मथुराबाईंच्या नावावर जमीन आहे, हे सगळ्या आळीला माहीत होतं. फक्त मथुराबाईंना तसं कधी वाटलं नव्हतं.

कॅनॉलच्या खालचा तो तुकडा. बापूराव भावांपासून वेगळे झाले तेव्हा त्यांनी तो शेजारच्या शेतकऱ्याकडून विकत घेतला आणि कागदावर बायकोचं नाव लावलं. उद्या भावांनी वाटणी मागायला नको, एवढाच हिशोब. बायकोचं नाव म्हणजे त्यांच्या लेखी कुंपण होतं. त्यांनी तिथं विहीर पाडली, मोटर बसवली आणि मेथी, कोथिंबीर, शेपू लावायला सुरुवात केली. मथुराबाईंनी त्या मातीत उभी हयात घातली. दुपार कलली की उपटायला बसायचं, अंधार पडेपर्यंत जुड्या बांधायच्या, त्या ओल्या गोणपाटाखाली रचायच्या. पहाटे टेम्पो यायचा, बापूराव माल घेऊन मार्केट यार्डात जायचे. भाव काय लागला, ते घरी येऊन कधी सांगायचे, कधी नाही. मथुराबाईंनी विचारलं तरी ‘तुला काय करायचंय’ हे उत्तर ठरलेलं. पुढे पुढे त्यांनी विचारणंच सोडलं.

मग बायपास झाला. वारजं महापालिकेत गेलं. हिंजवडीला कंपन्या उभ्या राहिल्या आणि त्या कंपन्यांतल्या पोरांना राहायला घरं लागायला लागली. बापूरावांची वरची जमीन, माळाची जमीन, एकेक करून गेली. मुलगा साईनाथ कॉलेज अर्धवट सोडून आधी एजंट झाला, मग स्वतःला डेव्हलपर म्हणवून घ्यायला लागला. बंगला झाला, दारात काळी स्कॉर्पिओ आली. सूनबाई नम्रता कोथरूडची, बोलायला गोड.

या सगळ्यात मुलगी ललिता कुठेच नव्हती. तिचं लग्न चिंचवडच्या एका फिटरशी झालं होतं. त्याचा कारखाना बंद पडला, तो दारूला लागला आणि एक दिवस घरातून गेला तो परत आलाच नाही. ललिता दोन लेकरं घेऊन रामनगरात पत्र्याच्या खोलीत राहायची आणि हिंजवडीच्या एका कंपनीत काचा पुसायची. वरची जमीन विकताना बापूरावांनी तिला बोलावून हक्क सोडल्याच्या कागदावर सही घेतली होती. साडी-चोळी केली, जेवू घातलं. मथुराबाई त्या वेळी चहा गाळत होत्या. लेकीनं सही करताना एकदा आईकडे पाहिलं, तेवढं त्यांच्या लक्षात राहिलं.

बापूराव वाईट बाप होते असं नाही. दर रविवारी ते सायकलला पिशवी अडकवून रामनगरात जायचे. पिशवीत मेथी, चार कांदे, कधी नातवंडांसाठी भुईमुगाच्या शेंगा. खोलीत बसायचे नाहीत, दारातूनच पिशवी द्यायचे, लेकरांच्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि निघायचे. पण जमिनीत लेकीचा वाटा म्हटलं की त्यांचं तोंड बंद.

शेवटी राहिला तो कॅनॉलखालचा तुकडा. तिन्ही बाजूंनी इमारती आल्या, वरच्या मजल्यांवरून लोक शेतात वेफर्सच्या पिशव्या टाकायला लागले, तरी बापूराव रोज सकाळी तिथं हजर. साईनाथनं किती वेळा विषय काढला. बापूरावांचं एकच. “मी हाय तवर नाय. मी मेल्यावर काय करायचं ते करा.”

एका दुपारी साईनाथ स्वयंपाकघरात आला आणि ओट्याशेजारी पाटावर बसला. कित्येक वर्षांत तो तिथं बसला नव्हता. त्याला काहीतरी हवंय हे मथुराबाईंनी ओळखलं.

“आई, कॅनॉलखालची जमीन तुझ्या नावावर आहे.”

“ठाऊक हाय.”

“म्हणजे आबांची सही लागतच नाही. तुझी लागते.”

मथुराबाई भाकरी थापायच्या थांबल्या. जमिनीसाठी कुणी त्यांच्याकडे काही मागतंय, हे आयुष्यात पहिल्यांदा होत होतं. त्यांनी परातीतलं पीठ हातानं उगाच सारखं केलं आणि म्हणाल्या, “ललिताला एक फ्लॅट दे त्यात. तिच्या नावावर.”

“दिला.”

“लगेच?”

“अगं, बहीण आहे माझी. दिला म्हणजे दिला.”

तो इतक्या पटकन कबूल झाला तिथंच त्यांना शंका यायला हवी होती. पण त्या वेळी डोळ्यांसमोर पत्र्याची खोली होती, पावसात गळणारी, आणि पातेली मांडून बसलेली नातवंडं.

कचेरीत साहेबानं मान वर करून विचारलं, “मर्जीनं सही करताय ना आजी?” मथुराबाईंना तो प्रश्न फार आवडला. त्यांनी ‘व्हय’ म्हटलं आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत नाव लिहिलं.

आता प्रश्न होता बापूरावांचा. साईनाथ म्हणाला, “आबा तिथं असले तर जेसीबीच्या पुढं आडवे झोपतील. दोन दिवस त्यांना बाहेर काढायला पाहिजे. दिवेआगरला जाऊ. विहीर बुजली, कंपाउंड लागलं की मग ओरडू देत.”

“अन् त्यांना काय सांगायचं?”

“तुला समुद्र बघायचाय म्हणून सांग.”

ते खोटं नव्हतं. पुण्यापासून समुद्र काही लांब नाही, पण मथुराबाईंनी तो पाहिला नव्हता. जेजुरी, आळंदी, तुळजापूर, एवढीच त्यांची दुनिया. त्यांनी रात्रीच्या जेवणाला विषय काढला तेव्हा बापूराव आधी हसले. “भर पावसात समुद्र?” मग काय मनात आलं कोण जाणे, म्हणाले, “चल. इतक्या वर्षांत तू काय मागितलंस तरी.”

मथुराबाईंनी हातातला घास परत ताटात ठेवला.

ऑगस्टचा महिना होता. चांदणी चौक ओलांडला आणि पिरंगुटपासून पाऊस सुरू झाला. साईनाथ गाडी चालवत होता, बापूराव पुढे, दोघी बायका मागे. बापूराव एवढे बोलके क्वचित असायचे. मुळशीच्या बाजूला भाताची लावणी झालेली खाचरं बघून ते काच खाली करत होते, नम्रता मागून ‘आबा, पाणी येतंय आत’ म्हणत होती आणि ते काच वर करून पुन्हा खाली करत होते. ताम्हिणीत प्रत्येक वळणावर धबधबा, आणि प्रत्येक धबधब्यापाशी गाड्यांची दारं उघडी टाकून नाचणारी तरुण पोरं. गाण्याच्या आवाजात पाण्याचा आवाज ऐकू येत नव्हता.

“ही कंपनीतली का रे सगळी?” बापूरावांनी विचारलं.

“हो आबा. हीच आपली गिऱ्हाइकं.”

“आपली नाय. तुझी,” बापूराव म्हणाले. पण रागानं नाही, मजेत.

एका टपरीपाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि भाजलेली कणसं घेतली. मथुराबाईंच्या दाढा पडल्या होत्या. बापूरावांनी त्यांच्या कणसाचे दाणे अंगठ्यानं सोलले, ओंजळभर झाले तसे मागे हात करून त्यांच्या पदरात टाकले. नम्रता हसून म्हणाली, “बघा, आबा किती रोमँटिक!” बापूरावांना शब्द कळला नाही. मथुराबाईंनी दाणे एकेक करून खाल्ले आणि सगळा वेळ खिडकीबाहेर पाहिलं.

दिवेआगरला सुपारीच्या वाडीत एका घरगुती मुक्कामाची सोय होती. पावसाळ्यात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. सामान टाकलं आणि बापूराव म्हणाले, “चल, तुझा समुद्र बघू.” सुरूच्या बनातून दोघं किनाऱ्यावर आले. चित्रात असतो तसा तो निळा नव्हता. गढूळ, मातकट, आणि सारखा ओरडणारा. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं.

बापूरावांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि मथुराबाईंचा हात धरला. उघड्यावर, दिवसाउजेडी त्यांनी बायकोचा हात असा कधी धरला नव्हता. लाट आली, पायाखालची वाळू ओढून घेऊन गेली, मथुराबाई दचकून त्यांच्या दंडाला बिलगल्या.

“एवढं पाणी,” बापूराव म्हणाले, “अन् एक वाफा भिजायचा नाय ह्यानं.”

दोघं पाण्याच्या रेषेवरून चालत राहिले. बापूराव विहिरीबद्दल बोलायला लागले. पाऊस ओसरला की गाळ काढायचा. मोटर जुनी झालीय, पण अजून एक-दोन वर्षं ओढील. वरच्या अंगाला यंदा मेथी नको, जमीन थकलीय. “तिथं काय लावावं? तूच सांग.” आणि मग स्वतःच्याच बोलण्यावर हसत, “आता तुझीच जमीन हाय ती कागदावर. तुलाच इचारलं पायजे.”

तोंडाशी आलं होतं. मथुराबाई थांबल्यासुद्धा. पण डोळ्यांपुढे पातेली मांडलेली ती खोली आली, आणि त्या म्हणाल्या, “पाऊस वाढतोय. चला माघारी.”

दुसऱ्या दिवशी दुपारी परतायचं ठरलं होतं. सकाळी साईनाथ ओसरीवर येरझाऱ्या घालत मोबाइलवर बोलत होता, “अडकला म्हणजे काय? दुसरा मशीन आणा... नाही, आज मी त्यांना आणत नाही.” फोन ठेवून तो आत आला आणि म्हणाला, “ताम्हिणीत दरड कोसळलीय. रस्ता बंद. आज इथंच राहावं लागणार.”

बापूरावांना मुक्काम वाढल्याचं फारसं वाईट वाटलं नाही. चहा प्यायला म्हणून ते छत्री घेऊन एसटीच्या थांब्यावर गेले. ते तिथं उभे असतानाच पुण्याची गाडी येऊन थांबली, चाकांपासून खिडक्यांपर्यंत लाल चिखलानं माखलेली. कंडक्टर चहाला उतरला.

“कुठनं आलात? दरड कोसळलीय ना घाटात?”

“कसली दरड? ताम्हिणीतनंच आलो की. घाट मोकळा हाय.”

बापूराव वाडीत परतले तेव्हा तिघंही ओसरीवर होती. छत्री मिटायचं भान त्यांना नव्हतं.

“साई, घाट चालू हाय. मला इथं का ठिवलंय?”

साईनाथनं आधी कंडक्टरला खोटं पाडायचा प्रयत्न केला. मग रस्ता आत्ता मोकळा झाला असेल म्हणाला. नम्रता पुटपुटली, “सांगून टाक ना आता.” तो तिच्यावर खेकसला. तेव्हा मथुराबाई उठून उभ्या राहिल्या.

“विहीर बुजवत्यात,” त्या म्हणाल्या. “जमीन दिली. मी सही केली.”

बापूरावांना आधी हसू आलं. ऐकण्यात काही चूक झाली असावी, तसं. “तू?”

“माझ्या नावावर व्हती.”

“मी लावलं व्हतं नाव! तुझ्यावर इस्वास ठिवून लावलं व्हतं.”

“माझ्यावर इस्वास व्हता म्हणून नाय. भावांवर नव्हता म्हणून.” मथुराबाई थांबल्या नाहीत. “त्या जमिनीत काय लावायचं, कवा इकायचं, किती आलं, कवा इचारलंत मला? काल इचारलंत. ते बी हसत. ललिताची सही घेतलीत तवा मी चहा गाळत व्हते. तिला एक फ्लॅट मिळणार हाय ह्यातनं. म्हणून केली.”

बापूरावांनी उघडी छत्री तशीच खाली ठेवली. मग म्हणाले, “तिनं करायला लावलं तुला हे.”

“तिला ठाऊकबी नाय.”

“तिनंच लावलं. मी दर रईवारी भाजी घेऊन जातो, अन् ती माझीच जमीन खाती.”

“आवं, तिला खरंच...”

पण ते आत गेले होते. पिशवी घेऊन बाहेर आले. साईनाथनं हात धरायचा प्रयत्न केला, तो त्यांनी झटकला. मथुराबाई त्यांच्यामागे वाडीच्या फाटकापर्यंत गेल्या. बापूरावांनी वळून पाहिलं नाही. परतीची एसटी मिळाली की नाही, कुठल्या रस्त्यानं गेले, हे पुढे कधीच कुणाला कळलं नाही. साईनाथ म्हणाला, “आई, बस तू. ते पोचेपर्यंत काम झालेलं असेल.” आणि त्यानं फोन लावला.

काम झालं होतं. शेजारच्यांनी पुढे सांगितलं, की बापूराव आले तेव्हा विहिरीच्या जागी मुरमाचा उंचवटा होता आणि जेसीबी वाफ्यांवरून फिरत होता. ते ओरडले नाहीत की आडवे झोपले नाहीत. आधी काढून बाजूला ठेवलेली मोटर त्यांनी तेवढी मागितली. तिथल्या माणसांनी दिली. चिखलानं बरबटलेली ती जड मोटर खांद्यावर घेऊन म्हातारा बंगल्यापर्यंत चालत गेला.

त्या दिवसापासून बापूरावांनी मथुराबाईंच्या हातचं खाणं सोडलं. नम्रता वाढायची ते खायचे. बोलणंही बंद. रविवारची सायकल थांबली. काही कळेना म्हणून ललिता गणपतीच्या दिवसांत लेकरांना घेऊन बंगल्यावर आली, तेव्हा बापूराव तिला पाहून खोलीत गेले आणि आतून कडी लावून बसले. धाकटा नातू दारावर थापा मारत ‘आबा, आबा’ करत राहिला. बापूरावांनी दार उघडलं नाही.

मथुराबाई मनाशी म्हणायच्या, फ्लॅटची किल्ली हातात आली की सगळं निस्तरता येईल.

दोन पावसाळे गेले. इमारत उभी राहिली. नाव दिलं ‘मथुरा हाइट्स’. इंग्रजी अक्षरं, रात्री निळा दिवा लागायचा. साईनाथनं आईला हौसेनं दाखवलं, “बघ, तुझं नाव.” मथुराबाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, “ललिताचा कुठल्या मजल्यावर?”

“त्याचं बघू.”

“म्हंजे?”

“आई, पार्टनर ऐकत नाहीत. सगळं बुक झालंय, कंपनीवाल्यांनी आधीच घेऊन ठेवलंय. पुढच्या स्कीममध्ये देतो तिला. प्रॉमिस.”

वास्तुशांतीच्या दिवशी मांडवात पाहुणे जेवत असताना मथुराबाईंनी सगळ्यांसमोर पुन्हा विचारलं. साईनाथ हसत म्हणाला, “आई, आज हा विषय नको.” नम्रतानं गोड बोलत त्यांना खांद्याला धरून आत नेलं आणि दार लोटून घेतलं. बापूराव पंगतीत होते. त्यांनी ऐकलं होतं. ते जेवत राहिले.

मथुराबाई शिवाजीनगरला एका वकिलाकडे गेल्या. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मुलीला फ्लॅट द्यायचा, हे कुठे लिहिलंय?”

“लिहिलं नाय. तोंडी व्हतं. पोटचा पोरगा हाय.”

“पोटच्या पोरावर भरवसा होता ना? मग माझ्याकडे कशाला आलात?” वकील म्हणाले, आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

त्या संध्याकाळी मथुराबाई कपड्यांची पिशवी घेऊन रामनगरात गेल्या. लेकीला त्यांनी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. कचेरीतली सही, दिवेआगर, एसटीचा थांबा, आणि आबा काय म्हणाले तेसुद्धा. ललिता कामावरून नुकतीच आली होती, गळ्यातलं कंपनीचं कार्डही काढलं नव्हतं. आपण रडू, लेक जवळ घेईल, असं मथुराबाईंना कुठंतरी वाटत असावं.

“मी मागितला होता का तुझ्याकडे फ्लॅट?” ललिता म्हणाली.

“तुझ्यासाठीच केलं गं.”

“माझ्याकडे आबा येत होते दर रविवारी. तेवढं एकच यायचं मला त्या घरातनं. तेही घालवलंस.” ती उठली, स्टोव्ह पेटवला, तांदूळ धुतले. मग पाठमोरीच म्हणाली, “आलीयस तर राहा. कुठं जाणार तू आता.”

मथुराबाई राहिल्या. ललिता पहाटे बसनं हिंजवडीला जाते, त्या लेकरांचं बघतात आणि शेजारच्या खाणावळीला पोळ्या लाटून देतात. खाणावळीत जेवणारी मुलं कंपनीतलीच. त्यातल्या काही जणांची घरं ‘मथुरा हाइट्स’मध्ये आहेत, पण पोळ्या लाटणाऱ्या बाईचं नाव त्यांना माहीत असायचं काही कारण नाही. साईनाथ दिवाळीला फराळाचा डबा पाठवतो. ललिता तो न उघडता शेजारी देऊन टाकते. मायलेकी भांडत नाहीत. फार बोलतही नाहीत.

मागल्या वर्षी शिवण्याला पुतणीचं लग्न होतं. तिथं मथुराबाईंनी बापूरावांना पाहिलं. बारीक झाले होते, काठी आली होती. कुणीतरी उत्साही पाहुण्यानं दोघांना धरून नवरा-नवरीच्या मागे फोटोला उभं केलं. फोटोग्राफर म्हणाला, “आजोबा, जरा जवळ सरका.” कुणी सरकलं नाही. त्यानं तसाच फोटो काढला.

खाली उतरताना मथुराबाईंनी हळूच विचारलं, “जेवलासा का?”

बापूरावांनी काठी पुढे टाकली आणि बाजूला उभ्या असलेल्या नम्रताला म्हणाले, “सूनबाई, गाडी काढायला सांग साईला. उशीर झाला.”